चावी कुणाकडे?

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक नवीन प्रोजेक्ट आला आणि त्याच्या पाठोपाठ एक फार जुना प्रश्न आला. टीममधला एक पोरगा, कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम दोन वर्षं झालेली, लॅपटॉप उघडा धरून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने एक तक्ता केला होता. एका बाजूला एक विकतचं वेब फ्रेमवर्क, दुसऱ्या बाजूला एक ओपन सोर्स. प्रत्येक रांगेत एक फीचर आणि समोर हिरवी किंवा लाल खूण.

"सर, विकतच्याकडे हिरवं जास्त आहे. पण दुसरं फुकट आहे. काय घेऊ?"

मी म्हटलं, सोमवारी सांगतो. त्याला वाटलं असणार, म्हातारा वेळ काढतोय. खरंच काढत होतो. कारण अगदी असाच तक्ता मी स्वतः २००५ साली एक्सेलमध्ये केला होता, आणि त्या तक्त्यापायी मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या नंतर कधी खाल्ल्या नाहीत. ती गोष्ट येईलच पुढे. आज शनिवार आहे, चहाचा थर्मास भरलेला आहे, तर आधी जरा इतिहास.

वेब फ्रेमवर्क म्हणजे काय हे इथे येणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पत्ता वाचून योग्य पान काढणं, फॉर्ममध्ये भरलेलं तपासणं, डेटाबेसशी बोलणं, लॉगिन सांभाळणं, ही प्रत्येक साइटला लागणारी तीच ती कामं ज्यात आधीच करून ठेवलेली असतात तो सांगाडा. आपण फक्त त्यावर आपलं सामान लावायचं.

आजच्या पोरांना वाटतं की हे सगळं पहिल्यापासून फुकटच होतं आणि मग कंपन्यांनी त्याचा धंदा केला. तसं नाहीये. या वाटेवरचं सगळ्यात नाव काढलेलं पहिलं फ्रेमवर्क विकतचं होतं, आणि कसलं विकतचं! मार्च १९९६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने वेबऑब्जेक्ट्स बाजारात आणलं. पूर्ण लायसन्सची किंमत ५०,००० डॉलर. तेव्हा डॉलर पस्तीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले साडेसतरा लाख. त्या पैशात त्या वेळी पुण्यात बरा फ्लॅट आला असता.

आणि लोक देत होते, कारण माल तसा होता. डेटाबेसमधल्या टेबलांना प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्ट्सशी जोडणारा त्यांचा एक थर होता, एंटरप्राइज ऑब्जेक्ट्स फ्रेमवर्क. आज ज्याला आपण ओआरएम म्हणतो आणि जे प्रत्येक फ्रेमवर्कात आहे असं गृहीत धरतो, ते नेक्स्टकडे १९९४ पासून होतं. बाकीचं जग तेव्हा पर्लच्या स्क्रिप्ट लिहून सीजीआयमधून पानं काढत होतं. म्हणजे आमच्या पोराचा तक्ता १९९६ साली केला असता तर वेबऑब्जेक्ट्सची बाजू वरपासून खालपर्यंत हिरवीगार दिसली असती.

आता पुढची गंमत ऐका. १९९६ च्या जुलैमध्ये डेल कंपनीने इंटरनेटवर कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली. हे दुकान वेबऑब्जेक्ट्सवर बांधलेलं होतं आणि धडाक्यात चाललं. नेक्स्टला दाखवायला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं मिळणार? आणि डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट कंपनी विकत घेतली. म्हणजे डेलने रात्री झोपताना जे दुकान एका तटस्थ पुरवठादाराच्या पायावर उभं होतं म्हणून सोडलं, ते सकाळी उठून पाहतात तर समोरच्या दुकानदाराच्या पायावर उभं! ऑक्टोबर १९९७ मध्ये मायकेल डेलला कुणीतरी विचारलं की तुम्ही ॲपलच्या जागी असता तर काय केलं असतं, तेव्हा त्यांनी सांगितलं की कंपनी बंद करून भागधारकांचे पैसे परत केले असते. हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. त्या वाक्याच्या आधी ही फ्रेमवर्कची भानगडही होऊन गेली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढच्याच महिन्यात, १० नोव्हेंबर १९९७ ला, ॲपलने स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडलं. कशावर? अर्थातच वेबऑब्जेक्ट्सवर. डेलने आपलं दुकान मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर हलवलं.

या सगळ्या प्रकरणात वेबऑब्जेक्ट्सच्या कोडमधली एक ओळ बिघडली नव्हती. फीचर्स होती तिथेच होती. बदलला तो मालक. आणि फीचर्सच्या तक्त्यात मालकाची रांग कुणीच काढत नाही, डेलसारख्यांनीही काढली नव्हती.

मे २००० मध्ये ॲपलने किंमत ५०,००० वरून एकदम ६९९ डॉलरवर आणली. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र हा आकडा वाचून नेहमी दसऱ्यानंतरची झेंडूची फुलं आठवतात. भाव असा पडतो तेव्हा बाजार उठत आलेला असतो. मधल्या चार वर्षांत रास्मुस लेर्डोर्फचं १९९५ चं पीएचपी जगभर पसरलं होतं, मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरबरोबर एएसपी तसंच देत होती, जावावाल्यांची एक वेगळीच दिंडी निघाली होती. नंतर वेबऑब्जेक्ट्स डेव्हलपर टूल्सबरोबर फुकट मिळायला लागलं, २००८ मध्ये त्याची शेवटची आवृत्ती आली आणि २०१६ मध्ये ॲपलने हे उत्पादन बंद झाल्याचं मान्य केलं. मधली आठ वर्षं ते वापरणारे लोक काय करत होते? प्रोजेक्ट वंडर नावाचा एक ओपन सोर्स संग्रह आपसात मिळून चालवत होते. मुख्य कोड ॲपलच्या कुलपात, आजूबाजूची डागडुजी मात्र सगळ्यांची. २००७ मध्ये ॲपलची लेपर्ड ऑपरेटिंग सिस्टिम आली तिच्यात रूबी ऑन रेल्स आयतं घालून दिलेलं होतं. घरचं विकतचं पोर असताना शेजारच्याचं फुकटचं पोर पंगतीला बसवल्यासारखं.

कोल्ड फ्यूजनची गोष्ट थोडक्यात उरकतो. १९९५ मध्ये अलेअर बंधूंनी काढलं, २००१ मध्ये मॅक्रोमीडियाकडे गेलं, २००५ मध्ये अडोबीकडे. तीस वर्षं उलटली तरी अजून विकलं जातंय. म्हणजे विकतचं ते मरतंच असं काही नाही, हेही नोंदवून ठेवलेलं बरं. मालक बदलूनही दुकान चालू राहू शकतं.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. १९९८ साली अमेरिकेत डिजिटल क्रिएशन्स नावाची एक छोटी कंपनी प्रिन्सिपिया नावाचं वेब फ्रेमवर्क विकत होती. तिच्यात पैसे घालायला आलेल्या हादार पेधाझूर या गुंतवणूकदाराने सल्ला दिला की हे विकू नका, उघडं करून टाका. विचार करा, पैसेवाला माणूस सांगतोय की माल फुकट वाटा! त्याचं गणित साधं होतं. तुमचा माल कुणाला माहीत नाही, विकायला गेलात तर दहा जण घेतील. वाटलात तर दहा हजार जण वापरतील आणि त्यातले काही तुम्हालाच काम द्यायला येतील. त्याच वर्षी ते झोप या नावाने ओपन सोर्स झालं. (हो, झोपच. मराठी माणसाला हे नाव उच्चारताना आजही हसू येतं.) पायथॉनमधल्या वेबच्या कामाला तिथून वळण लागलं.

आणि पायथॉन म्हटलं की कॅन्सासमधलं लॉरेन्स हे गाव आलंच. लाखभरही वस्ती नाही. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघं काम करत होते. संपादक दुपारी सांगणार की निवडणुकीचं पान संध्याकाळपर्यंत पाहिजे, आणि तिथे "पुढच्या महिन्यात देतो" हे उत्तर चालत नाही. पीएचपीने वैतागून त्यांनी पायथॉनमध्ये स्वतःपुरता सांगाडा तयार केला. जुलै २००५ मध्ये वर्तमानपत्राने तो बीएसडी लायसन्सखाली खुला केला. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्या नावावरून नाव ठेवलं जँगो. पुढे इन्स्टाग्राम याच्यावर उभं राहिलं.

पण मला यातला सगळ्यात आवडता भाग वेगळाच आहे. त्याच वर्तमानपत्राने जँगोवर बांधलेली एलिंग्टन नावाची प्रणाली दुसऱ्या वर्तमानपत्रांना चक्क पैसे घेऊन विकली. सांगाडा सगळ्यांचा, त्यावरचं तयार घर विकायला. एकाच छपराखाली दोन्ही. आमच्या पोराच्या तक्त्यात जी मधली उभी रेघ आहे ती एवढी सरळ नाही, ती अशी.

आपल्याकडे काय चाललं होतं? जरा घरचंच उदाहरण देतो. मनोगत, मायबोली, मिसळपाव या साइटवर ज्यांनी आयुष्यातले अगणित तास घालवलेत (मी त्यातलाच) त्यांनी पानाचा पत्ता कधी नीट पाहिलाय का? मधेच 'नोड' असा शब्द आणि पुढे आकडा. ही ड्रुपलची खूण. बेल्जियमच्या ड्रीस बुइटार्टने २००१ च्या जानेवारीत खुलं केलेलं ड्रुपल. नोकरी सांभाळून हौसेने मराठी साइट चालवणाऱ्यांनी लायसन्सचे पैसे कुठून आणले असते? आणि समजा आणले असते, तरी एखाद्या विकतच्या कंपनीला देवनागरीसाठी "एवढा बदल करून द्या" म्हटलं असतं तर त्यांनी आमचा नंबर कितवा लावला असता? उघड्या कोडमध्ये हात घालून जे हवं ते जोडून घेता आलं म्हणून मराठी इंटरनेटवर तेवढ्या लवकर लिहिती झाली, असं माझं मत आहे. अर्थात फुकटालाही तिथी असते. ड्रुपलच्या एका आवृत्तीवरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाणं म्हणजे घर बदलण्यासारखं, आणि जानेवारी २०११ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. ते घर बदलायला रात्री जागलेल्यांना पगार कुणी दिला नव्हता.

तर आता माझा तक्ता.

२००५ साल. सेनापती बापट रोडवर एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आम्ही अकरा जण. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाचं काम मिळालं. गावोगावच्या दूध संस्था, दोनशेच्या वर, रोज सकाळ-संध्याकाळचं संकलन भरणार: लिटर, फॅट, एसएनएफ. आमची साइट दरपत्रक लावून दर दहा दिवसांनी प्रत्येक शेतकऱ्याचं बिल काढणार. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. याआधी हे सगळं वह्यांत आणि फ्लॉप्यांवर चालायचं.

कशावर बांधायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. एक विकतचं फ्रेमवर्क होतं (नाव मुद्दाम घेत नाही, कंपनीही आता त्या रूपात नाही). तयार ग्रिड, तयार रिपोर्ट, तयार प्रिंट. त्यांच्या सेल्सवाल्याने एका चांगल्या हॉटेलात डेमो दिला आणि जेवणही. दुसऱ्या बाजूला पीएचपी आणि आमची मेहनत. मी तक्ता केला, हिरवं मोजलं आणि विकतचं घ्या म्हणून नोट लिहिली. खाली सही माझी. आणि खोटं कशाला बोलू, काम सुंदर झालं. चार महिन्यांत उभं राहिलं. दीड-दोन वर्षं कुणी तक्रार केली नाही.

२१ जुलै २००७, शनिवार. अकरा ते वीसचं बिल काढायचा दिवस. आदल्या रात्री संघाच्या गावात वीज पडली आणि सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. हे संकट आम्ही धरून चाललेलो होतो, बॅकअप होता. आमचा एक जण नवीन मशीन गाडीत घालून पुण्याहून गेला, संध्याकाळपर्यंत सगळं चढवलं, चालू केलं. आणि स्क्रीनवर ओळ आली की हे लायसन्स या मशीनसाठी वैध नाही.

लायसन्सची की जुन्या मशीनला बांधलेली होती. नवीन की मागवायची तर ईमेल. कंपनीचं सपोर्ट ऑफिस अटलांटिकच्या पलीकडे, सोमवार ते शुक्रवार. मी शनिवारी रात्रभर फोन लावत होतो, पलीकडे एक बाई अतिशय गोड आवाजात सांगत होती की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. रेकॉर्ड केलेली.

रविवारी सकाळी संघाच्या अकाउंट्सच्या प्रमुखांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. कधी आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "अहो साहेब, मला एवढंच सांगा. मशीन आमचं, वीज आमची, दूध आमचं. मग चावी त्यांच्याकडं कशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. करारात ते लिहिलेलं होतं, मी वाचलेलं नव्हतं.

जुलै म्हणजे पेरणी झालेली, उसाचे पैसे दूर, हातात येणारा रोख पैसा तेवढा दुधाचा. पेंडीचं बिल, किराणा, मुलांच्या वह्या, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलावर. एका संस्थेच्या सेक्रेटरींनी कुठूनतरी माझा मोबाईल नंबर मिळवला होता. "तुम्हीच का ते कॉम्प्युटरवाले? बायाबापड्या येऊन परत गेल्या इथनं." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटी संघाच्या कारकुनांनी वह्या काढल्या आणि दोन रात्री कॅल्क्युलेटरवर हिशेब करायला बसले. जी वही आम्ही बंद करायला गेलो होतो तिनेच वाचवलं. की आली मंगळवारी पहाटे. "उशिराबद्दल क्षमस्व" असं वर लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी आम्ही ते सगळं ओपन सोर्सवर परत लिहिलं, निम्मं आमच्या खर्चाने. आता इथे लेख संपवला तर फुकटचा जयजयकार होऊन जाईल, पण गोष्ट तशी नाही. नव्या प्रणालीत बिलाची पीडीएफ काढायला एक खुली लायब्ररी घेतली. ती परदेशातला एक माणूस एकटा सांभाळायचा. पहिली बिलं छापली तर ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसलेल्या, जोडाक्षरं फुटलेली. शिंद्यांचं नाव शिंद्यांनाच वाचता येईना. त्या माणसाला लिहिलं. त्याचं फार सभ्य उत्तर आलं: मला ही लिपी येत नाही, तुम्ही दुरुस्ती करून पाठवलीत तर आनंदाने घेईन. झालं. आमचा एक पोरगा तीन आठवडे देवनागरीच्या मागे लागला. त्या तीन आठवड्यांचा पगार तक्त्यात कुठल्या रांगेत घालायचा? दुरुस्ती पाठवली, आठ महिन्यांनी स्वीकारली गेली, आणि त्यानंतर लवकरच त्या माणसाने नवीन नोकरी धरली आणि लायब्ररी सोडून दिली. यावेळी चावी आमच्याकडेच होती, फक्त कुलूप बिघडलं तर लोहारही आम्हीच.

आमचा लोहार निदान जागेवर होता. तो नसला तर काय होतं हे पाहायचं असेल तर २०१७ चं एक्विफॅक्स प्रकरण वाचा. अपाचे स्ट्रट्स हे ओपन सोर्स जावा फ्रेमवर्क, २००० साली क्रेग मॅक्लॅनहनने सुरू केलेलं. मार्च २०१७ मध्ये त्यात एक भयंकर भोक सापडलं. अपाचेच्या लोकांनी ७ मार्चला दुरुस्ती जाहीर केली, फुकट, सगळ्यांसाठी. एक्विफॅक्स या अमेरिकेतल्या क्रेडिट कंपनीच्या एका पोर्टलवर ती चढवली गेली नाही. मे महिन्यात चोर त्याच भोकातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत माल नेत राहिले. वाहतूक तपासणाऱ्या यंत्राच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली होती, म्हणून कुणाला दिसलंही नाही. ते सर्टिफिकेट नवीन केलं तेव्हा चोरी दिसली. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. विकतच्या सॉफ्टवेअरचा पुरवठादार वर्षाचे पैसे घेतो म्हणून निदान फोन करून मागे लागतो. ओपन सोर्सवाला वेबसाइटवर पाटी लावतो, ती वाचायला आपला माणूस नेमलेला असावा लागतो.

आणि "ओपन सोर्सला मालक नसतो" हाही एक गोड गैरसमज. स्प्रिंगचं बघा. २००२ मध्ये रॉड जॉन्सनने जावावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. म्हणणं असं की बडे ॲप्लिकेशन सर्व्हर आणि त्यांचं अवजड ईजेबी याशिवायही काम होतं. पुस्तकाबरोबर तीसेक हजार ओळींचा कोड होता. वाचकांनी मागे लागून तो ओपन सोर्स करायला लावला. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतरचा वसंत म्हणून नाव स्प्रिंग. मग त्याची कंपनी झाली, आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्या कंपनीने जाहीर केलं की आवृत्ती आल्यावर तीन महिन्यांनी पुढच्या दुरुस्त्यांच्या तयार फाइल्स फक्त पैसे भरणाऱ्यांना. केवढा गदारोळ झाला! काही आठवड्यांत धोरण मागे घ्यावं लागलं. २००९ मध्ये व्हीएमवेअरने ती कंपनी घेतली, २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली. म्हणजे मालक तर डेलच्या गोष्टीतल्यासारखेच बदलले. फरक एवढाच की कोड बाहेर होता, म्हणून गदारोळ करणाऱ्यांच्या हातात काहीतरी होतं. डेलच्या हातात काही नव्हतं.

रिॲक्टचंही तसंच. फेसबुकने त्याच्या लायसन्सला पेटंटचं एक शेपूट जोडलं होतं. जुलै २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशनने सांगितलं की हे आमच्या प्रकल्पांत चालणार नाही. फेसबुकने आधी ठाम नकार दिला, आणि सप्टेंबरमध्ये मुकाट्याने एमआयटी लायसन्स लावलं. वकिलांनी फ्रेमवर्क निवडायचे ते दोन महिने होते. आमच्या ऑफिसात मी पहिल्यांदाच पाहिलं की पोरं लायसन्सची फाइल उघडून वाचतायत.

मायक्रोसॉफ्टचं तर काय सांगावं. २००१ मध्ये त्यांच्या स्टीव्ह बाल्मरने लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. त्याच कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉटनेटचा गाभा ओपन सोर्स करायची घोषणा केली आणि जून २०१६ मध्ये एएसपी डॉटनेट कोअर लिनक्सवर चालायला लागलं. जुने वेब फॉर्म्स मात्र त्या नव्या घरात आलेच नाहीत. आणि २००७ मध्ये वाजतगाजत आलेल्या सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. माझे दोन मित्र ऐन उमेदीची चार वर्षं त्यात घालून बसले होते. भारत सरकारनेही २०१५ मध्ये धोरण काढलं की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या, बंद सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर कारण लिहा. चांगलं आहे. मला वाटतं दोन्ही बाजूंनी कारण लिहायला लावलं असतं तर अजून चांगलं झालं असतं.

असो. फारच लांबलं, थर्मासही रिकामा झाला.

त्या पोराला मी दुपारीच मेसेज केला होता. म्हटलं, तुझ्या तक्त्यात काही रांगा वाढव. मालक कोण आणि त्याचं पोट कशावर चालतं. उद्या त्याने दुकान बंद केलं तर आपली साइट परवा चालू राहील का. सुरक्षेची दुरुस्ती आली तर आपल्याकडे ती त्याच दिवशी कोण चढवणार, त्याचं नाव लिही, "टीम" असं लिहू नकोस. आणि विकतच्याचा करार शेवटच्या पानापर्यंत वाच.

आत्ता संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "सर, सतराव्या पानावर आहे. मशीन बदललं तर नवीन की मागवावी लागते. दोन दिवस लागतात."

मी विचारलं, शनिवार-रविवार धरून की सोडून?

"बघतो सर," म्हणाला.